सातला एक वाजतो

आमच्या रत्नागिरीच्या घरात एक शेळी होती. लाकडाची. दोन फळ्या एकमेकींत अडकवून केलेली. उघडली की बसायला आसन, मिटली की भिंतीला टेकवून ठेवण्याइतकी सपाट. पुढच्या टोकाला लोखंडाचं दातेरी पातं. त्यावर नारळाची वाटी फिरवली की खालच्या ताटलीत पांढराशुभ्र चव साठत जाई. आजी चुलीपासून हाक मारायची, "बाय, शेळी आण गं." मी ती दोन्ही हातांनी उचलून आणायचे. शेजारच्या घरांत विळीला जोडलेली खवणी असे. शेळी फक्त आमच्याकडे.

ही शेळी टांग्याची. स्वाहिली भाषेत शेळीला 'म्बुझी' म्हणतात आणि नारळ खवायच्या या बैठकीलाही म्बुझीच म्हणतात. टांगा हे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं, आजच्या टांझानियातलं बंदर. विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम पाच अंशांवर, समोर पेंबा बेट, पाठीशी उसांबाराचे डोंगर. आजोबा 1949 साली तिथे रेल्वेत कारकून म्हणून गेले आणि 1951 च्या डिसेंबरात आजी त्यांच्यामागे गेली. ती तेव्हा 19 वर्षांची होती. 'सून टांग्याला गेली' असं कुणी सांगितलं, की गावातल्या म्हाताऱ्यांना घोड्याचा टांगाच आठवे.

तिच्या गोष्टी मी दुपारच्या निवांत वेळी ऐकल्या, बहुतेक वेळा तिच्यासमोर शेळी आणि नारळ असताना. आजोबांच्या गोष्टी संध्याकाळच्या. आजी घराच्या गोष्टी सांगे, आजोबा त्या घराच्या आधी काय होतं ते सांगत.

आजोबांची पहिली गोष्ट नेहमी रुळांची असे. 1896 ते 1901 या काळात इंग्रजांनी मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधली. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे 32 हजार मजूर नेले, त्यात पंजाबी सर्वाधिक. जवळजवळ अडीच हजार माणसं तिथेच मेली. 1898 मध्ये त्सावो नदीच्या पुलावर दोन सिंहांनी मजुरांना तंबूंतून ओढून नेलं, ही हकीकत जगभर पसरली. पण आजोबा म्हणत, "सिंहांचं नाव झालं. माणसं मारली ती हिवतापाने, हगवणीने आणि जखमा चिघळून." करार संपल्यावर बहुतेक मजूर परत आले, काही तिथे राहिले. आजोबांची नोकरी त्या रेल्वेच्या नव्हे, टांग्याच्या मार्गावरची. तो मार्ग जर्मनांनी 1893 मध्ये बांधायला घेतला होता. तरी ते सांगत, "आपण तिकिटाचा हिशेब लिहायला गेलो. रूळ टाकायला दुसरे गेले होते. हे विसरून त्या देशात राहायचं नाही."

आजी मुंबईहून 'करंजा' आगबोटीने निघाली. नाव ऐकून तिला धीर आला होता, कारण मुंबई बंदराच्या पलीकडे उरणजवळचं करंजा तिला माहीत होतं. डेकवर पथारी, बरोबर पापडांचा डबा, लोणच्याची बरणी, पाटा-वरवंटा आणि विळी. मोंबासाला आजोबा घ्यायला आले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला फोर्ट जीझस दाखवला. पोर्तुगीजांनी 1593 मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हुकमतीखाली असे. त्याला वेढा पडला तेव्हा मदतीची गलबतं गोव्याहून गेली, आणि 1698 मध्ये तो ओमानी अरबांनी जिंकला. आजीला त्या भिंतींपेक्षा बाहेर पेरू विकणारी बाई लक्षात राहिली. ती पेरूला 'पेरा' म्हणत होती. ज्या पोर्तुगीज शब्दातून आपला पेरू आला, त्याच शब्दातून त्यांचा पेरा. त्याच माणसांनी दोन्ही किनाऱ्यांवर एकच फळ उतरवलं होतं.

पण शब्द ओळखीचे निघाले म्हणून ऊन ओळखीचं होत नाही.

कोकणातल्या मुलीला उकाडा नवा नसतो. टांग्याचा उकाडा नवा होता, कारण तो रात्रीही उतरत नसे. डिसेंबरात कोकणात पहाटे पांघरूण ओढावं लागतं. तिथे तो वर्षातल्या सर्वांत तापत्या दिवसांचा आरंभ. हवा इतकी दमट की घाम अंगावरच राहतो, सुकत नाही, आणि सुकला नाही तर अंग निवत नाही. पहिल्या आठवड्यात आजीच्या मानेवर, काखांत घामोळं उठलं. भर दुपारी बारा वाजता ती चुलीपुढे बसे, कारण माहेरी जेवण त्या वेळी होत असे. एकदा तिला भोवळ आली. शेजारची बाई धावत आली, तिने मातीच्या रांजणातून करवंटीच्या डोवेने पाणी काढून तिच्या डोक्यावर ओतलं आणि हात धरून बाहेरच्या सावलीत बसवलं.

त्या बाईला आजी 'मामा' म्हणे. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. तिथे बाबा म्हणजे बाबाच, पण काका म्हणजे मोठा भाऊ आणि दादा म्हणजे मोठी बहीण. माझे वडील बोलायला लागले तेव्हा या दोन भाषांत त्यांची फार ओढाताण झाली. शेजारच्या मोठ्या मुलीला ते दादा म्हणत आणि रत्नागिरीहून कुणी आलं की त्या माणसाला काही उमगत नसे.

मामाने आजीला पहिली शिकवण दिली ती घड्याळाची. "सा मोजा," म्हणजे 'एक वाजला', असं ती सकाळी सातला म्हणे. आजीला वाटलं, बाईला वेळ कळत नाही. कळत नव्हतं ते आजीलाच. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. उजाडून एक तास झाला की एक वाजतो, आपल्या नऊला तीन, अकराला पाच, दुपारी चारला दहा. सूर्य मावळला की पुन्हा पहिल्यापासून मोजणी. विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर जवळपास बारा तासांचा असतो, सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत तासाभराचाही फरक पडत नाही. म्हणून हे मोजमाप तिथे चोख बसतं.

आजोबांनी ते ऐकलं आणि पंचांग उघडलं. आपल्याकडे तरी काय होतं? साठ घटकांचा दिवस, चोवीस मिनिटांची एक घटका आणि मोजणी सूर्योदयापासून. लग्नात घटिकापात्र पाण्यात सोडत ते याच हिशेबाने. "ही माणसं आपल्याच आजोबा-पणजोबांच्या घड्याळाने चालतात," ते आजीला म्हणाले, "आपण ते घड्याळ टाकून दिलं, त्यांनी ठेवलं."

त्या घड्याळाने दिवस उलगडला. एकच्या आधी पाणी, झाडलोट, धुणं. पाचच्या आत स्वयंपाक उरकायचा. मग उन्हाच्या बाजूच्या खिडक्या लावून घ्यायच्या. दहानंतर घराबाहेरच्या 'बराझा'वर, म्हणजे भिंतीला लागून बांधलेल्या ओट्यावर येऊन बसायचं. रस्त्याने जाताना सावलीच्या बाजूने आणि हळू चालायचं. मामा एक म्हण सांगे, "हरका हरका हाइना बरका." घाईघाईत बरकत नसते. आजीला तिचा अर्थ सांगावाच लागला नाही. हरकत आणि बरकत हे दोन्ही शब्द अरबीतून फिरत फिरत आपल्याही घरात आलेले आहेत. आपल्याकडे हरकत म्हणजे अडथळा झाला, मुळात तो हालचालीचा शब्द. फार हालचाल केली की बरकत जाते, हे त्या उन्हात कुणालाही पटावं.

आजी म्हणायची, "पंधरा दिवस देह परका असतो. मग तो तिथला होतो." शरीरशास्त्रही तेच सांगतं. रोज थोडा थोडा ताप सोसत गेलं की दहा ते चौदा दिवसांत घाम लवकर फुटू लागतो, जास्त येतो, आणि त्यातून मीठ कमी जातं. देह लवकर शिकतो. मनाला वेळ लागतो, कारण मन माहेरचं पंचांग धरून बसलेलं असतं.

त्याची खूण म्हणजे आजीचे पहिले पापड.

1952 चा चैत्र. कोकणात ही बेगमीची वेळ. आजीने उडदाचे पापड लाटले, सांडगे घातले, पोह्यांच्या मिरगुंडांची तयारी केली. मामा दारातून बघत होती. "न्गोजा," ती म्हणाली. थांब. आजीला शब्द कळला, अर्थ कळला नाही. मार्च ते मे हा त्या किनाऱ्यावर मोठ्या पावसाचा काळ असतो, त्याला 'मासिका' म्हणतात. पावसाने धरलं ते सोडेचना. पाच दिवसांत पापडांवर हिरवी बुरशी आली. आजीने सगळा डबा उकिरड्यावर रिता केला आणि त्या रात्री ती पहिल्यांदा रडली. पापडांसाठी नव्हे, ती मला म्हणाली होती. "चैत्रात पाऊस पडतो अशा देशात माझ्या मुलांना मी चैत्र कसा सांगणार होते?"

आजोबांनी मग भिंतीवर एक कागद लावला. डावीकडे मराठी महिने, उजवीकडे तिथलं आभाळ. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत 'कास्काझी', ईशान्येचं कोरडं, तापलेलं वारं. याच वाऱ्यावर कच्छहून, ओमानहून, इराणच्या आखातातून शिडाची जहाजं खजूर आणि गालिचे घेऊन शतकानुशतकं या किनाऱ्याला येत. चैत्र-वैशाख, मासिका. मग 'कूसी', दक्षिणेचं वारं. त्यावर तीच जहाजं खारफुटीचे वासे भरून परतत. आषाढ-श्रावण म्हणजे वर्षातले सर्वांत सुखाचे, थंडाव्याचे दिवस. दिवाळीच्या सुमारास धाकटा पाऊस, 'वुली'. आणि आंबे? ते मार्गशीर्षात. वैशाखात आंबा नाही, हे आजीने फार दिवस मनाला लावून घेतलं. चैत्रगौरीच्या वाटल्या डाळीत कैरीऐवजी तिने बिमल्या किसून घातल्या. त्याही मामाच्या परसातल्या. नाव तिथेही 'म्बिलिंबी'. हळदीकुंकवाला आलेल्या गुजराती आणि कच्छी बायकांनी ती डाळ मागून घेतली. टांग्यात मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच होती, त्यामुळे आजीचं हळदीकुंकू चार भाषांत होई.

पुढच्या वर्षी तिने पापड पौषात घातले. कडकडीत वाळले.

स्वयंपाकघर बाकीचं आपोआप शिकलं. 'म्चिचा' म्हणजे माठाची भाजी. 'न्गुरू' म्हणजे सुरमई. 'उक्वाजू' म्हणजे चिंच. कोकम संपलं की आमटीला तीच. 'मोहोगो' नावाचा कंद बाजारात ढिगांनी असे. ज्या साबुदाण्यावर आपल्या एकादश्या निघतात, तो हिंदुस्थानात याच कंदापासून करतात हे आजोबांनी सांगितल्यावर आजी एकादशीला उकडलेला मोहोगो, वर खोबरं आणि मीठ-मिरची घालून करू लागली. आणि खोबरं खवायला तिने विळी बाजूला ठेवून मामाची म्बुझी मागून आणली. विळीवर खवताना पाटावर वाकून बसावं लागे. म्बुझीवर पाठ ताठ राहते आणि हात चालतो, हे तिला तिसऱ्या महिन्याचं पोट असताना कळलं.

हिवताप मात्र कुणाला शिकण्यासाठी वेळ देत नसे. रविवारची कडू गोळी आणि रात्रीची मच्छरदाणी हे घरातले दोन न मोडायचे नेम. मच्छरदाणीला तिथे 'चांडारुआ' म्हणतात. आपल्या चांदव्याचंच भावंड वाटावं. आजोबा उसांबाराच्या डोंगरातल्या अमानीची गोष्ट सांगत. जर्मनांनी 1902 मध्ये तिथे शेतकी संशोधनकेंद्र काढलं, सिंकोनाची झाडं लावली. पहिल्या महायुद्धात समुद्रमार्ग बंद झाला तेव्हा त्या झाडांच्या सालीपासून त्यांनी क्विनाईन करून आपलं सैन्य उभं ठेवलं. त्याच युद्धात, नोव्हेंबर 1914 मध्ये, हिंदी पलटणी टांग्याच्या किनाऱ्यावर उतरवल्या गेल्या. गोळ्यांबरोबर खवळलेल्या मधमाश्यांनीही त्यांना झोडपलं, आणि तीन दिवसांत त्यांना माघारी यावं लागलं. आजोबा म्हणत, ज्यांना त्या भूमीचं काही सांगितलं गेलं नव्हतं अशा माणसांना घाईने तिथे ढकललं होतं.

एक गोष्ट आजी फार उशिरा बोलली. मी मोठी झाल्यावर, एकदाच.

त्या काळच्या टांगानिकात माणसांच्या तीन पायऱ्या होत्या. वर युरोपीय, मध्ये आपण, खाली ज्यांचा देश ते. शाळा वेगळ्या, दवाखाने वेगळे, पगार वेगळे. आमच्या घरी कामाला येणारा गृहस्थ पन्नाशी ओलांडलेला होता. सगळ्या हिंदी घरांत अशा माणसांना 'बॉय' म्हणत. आजीही म्हणे. 1959 मध्ये माझे वडील पाच वर्षांचे होते. मामाच्या अंगणात वाढलेलं पोर, तिथल्या रीतीने वाढलेलं. एका सकाळी तो गृहस्थ दारात आला तेव्हा वडील त्याच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "शिकामू." त्याने लगेच "मराहाबा" म्हणून त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

शिकामू हा वडीलधाऱ्यांना करायचा नमस्कार. त्याचा मूळ अर्थ सांगतात तो असा, 'मी तुमचे पाय धरतो'. आजीला हा अर्थ त्याच दिवशी मामाने सांगितला. "मी पोळपाट तसाच टाकून उभी राहिले," आजी म्हणाली. "मोठ्यांच्या पाया पडावं, हे मी त्याला रोज शिकवत होते. आणि घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला मी बॉय म्हणत होते." त्या दिवसापासून तिने त्यांना 'म्झे', म्हणजे वडीलधारे, म्हणायला सुरुवात केली. इतर घरांतून बोलणी आली. तिने ऐकून घेतली. माझ्यापुढे तिने या गोष्टीचा मोठेपणा सांगितला नाही. उलट आठ वर्षं उशीर झाला, एवढंच म्हणाली.

मला वाटतं, आजी टांग्यात खरी रुळली ती त्या सकाळी. घामोळं पंधरा दिवसांत गेलं होतं, पापड वर्षात जमले होते. माणसांत आपली जागा ओळखायला आठ वर्षं लागली.

9 डिसेंबर 1961 ला टांगानिका स्वतंत्र झालं. जानेवारी 1964 मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि त्याच वर्षीच्या 26 एप्रिलला दोन्ही मिळून टांझानियाचा पाया घातला गेला. 1967 च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांनी समाजवादाचा अरुशा जाहीरनामा मांडला. आजोबांची नोकरी तोवर संपत आली होती. मामाच्या मुलाला रेल्वेत कारकुनाची जागा मिळाली, त्याला पहिले दोन महिने काम आजोबांनीच शिकवलं. त्या वर्षअखेरीस ते परत आले. पुढे 1971 मध्ये भाड्याच्या इमारती सरकारने ताब्यात घेतल्या तेव्हा अनेक हिंदी कुटुंबं दुखावून देश सोडून गेली. आजोबांची तिथे मालमत्ता नव्हती. त्यांना दुःख होतं ते ओटा सुटल्याचं.

निघताना आजीने विळी आणि पाटा-वरवंटा मामाला दिला. मामाने म्बुझी दिली.

परतल्यावरही आजोबांना टांग्याभोवतीच्या घायपाताच्या मळ्यांचं फार आकर्षण होतं. 1893 मध्ये एका जर्मन शास्त्रज्ञाने फ्लोरिडाहून हजार रोपं मागवली, त्यांतली 62 तेवढी जगली. त्या 62 रोपांपासून पुढे टांगानिका जगातला सर्वांत मोठा घायपात पिकवणारा देश झाला. "हजारांत बासष्ट," ते म्हणत. "जी जगली, ती त्या मातीला आणि त्या पावसाला रुजली म्हणून."

मी स्वतः 2014 ते 2017 अशी तीन वर्षं कामानिमित्त दार-एस-सलामला होते. रस्त्यावर आपल्या रिक्षा धावत होत्या. तिथे त्यांना 'बजाजी' म्हणतात. पुण्याच्या कंपनीचं नाव असं परक्या गल्लीत ऐकून मला आजीचं 'करंजा' कळलं. पहिल्याच आठवड्यात पंखा दुरुस्त करणारा 'सा टाटू' म्हणजे तीनला येतो म्हणाला. मी दुपारी तीनला घरी थांबले. तो सकाळी नऊलाच येऊन, दार वाजवून गेला होता. तासांची गोष्ट लहानपणापासून ऐकूनही माझं घड्याळ माझ्याच देशाचं राहिलं होतं. आजीला फोन केला. तिने एवढंच विचारलं, "पंधरा दिवस झाले का तुला?"

सुट्टीत मी टांग्याला गेले. जुन्या घरांच्या गल्लीत एका बराझावर एक वृद्ध बाई म्बुझीवर नारळ खवत बसली होती. मी शिकामू म्हटलं. तिने हात न थांबवता मराहाबा म्हटलं आणि सरकून मला जागा दिली. मी कोण, कुठली, तिने आधी विचारलं नाही. ऊन उतरेपर्यंत मी तिथे बसले.

परतले तेव्हा आजी 85 वर्षांची होती. त्या पौषातही तिने सुनेकडून पापड करून घेतले होते. कोकणात पौषात ऊन असतंच, मग वैशाखाची वाट कशाला पाहायची, हे तिचं म्हणणं पन्नास वर्षांत कुणी खोडून काढू शकलं नव्हतं. हल्ली चैत्र-वैशाखात कोकणातही अवकाळी सर येते, तेव्हा शेजारणी आमच्या अंगणाकडे बघतात.

सकाळी ती ओट्यावर बसली होती, शेळी शेजारी. "बाय, किती वाजले?"

"सात, आजी."

तिने बोटांवर मोजलं. "म्हणजे आत्ता कुठे एक," ती म्हणाली आणि नारळ हातात घेतला. "पाचच्या आत उरकू. तू बस इथे."